आईसाठी ऑनलाइन काउन्सेलिंग, कोणी घेतलंय का? (सत्तरी तालुका, गोवा)

सत्तरीची_लेक:
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. आमचं घर सत्तरीत, मी पणजीत नोकरीला, शनिवार-रविवारीच घरी जाते. बाबा जाऊन सात महिने झाले आणि आई अजून सावरलेली नाही. पहाटे तीनला उठून बसते, जेवण म्हणजे दोन घास, देवळातलं भजन कधी चुकवायची नाही ती आता तिकडे फिरकत नाही, विचारलं की "काय नाय गो, पित्त झालंय". वाळपईच्या डॉक्टरांनी शुगर, थायरॉइड सगळं बघितलं, नॉर्मल आहे, त्यांनीच म्हटलं की मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. पण बांबोळीचं (तिथलं सरकारी मानसोपचार इस्पितळ) नाव काढलं की ती रडायलाच लागते. बस बदलत जायचं, अख्खा दिवस मोडणार, बसमध्ये ओळखीचं कोणी ना कोणी भेटणार, कुठे चाललीस विचारणार, आणि मग वाड्यावर "तिला वेड लागलं" व्हायला किती वेळ लागतो. हे व्हिडिओ कॉलवर करतात ते आईसारखीला, जिला मराठी-कोकणीच येतं, खरंच उपयोगी पडतं का? घरात सिग्नल फक्त मागच्या पडवीत येतो हेही सांगून ठेवते.

शिपवरचा_भाव:
पडतं, स्वतःवरून सांगतो. मी बोटीवर कामाला, कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आलो की झोप नाही, छातीत धडधड, कोणाशी बोलावंसं वाटायचं नाही. गावात तर कोणाला सांगायची सोयच नव्हती. मग फोनवर सुरू केलं, आठवड्यातून एकदा, काजूच्या बागायतीत जाऊन बसायचो कारण घरात भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं. परत जहाजावर चढलो तरी तीच मॅडम, पोर्टला नेट मिळालं की सेशन. क्लिनिकमध्ये जावं लागलं असतं तर दोन वेळा जाऊन सोडलं असतं मी. आईला व्हिडिओची लाज वाटत असेल तर नुसता आवाज ठेव, माझं पण सुरुवातीला तसंच होतं.

काउन्सेलर_तिसवाडी:
मी याच कामात आहे म्हणून थोडं सविस्तर. आधी १४४१६ लाव. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. साधा कॉल आहे, नेट नको, त्यामुळे पडवीतला सिग्नल पुरे. आधी काउन्सेलर बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. ॲपवरून खाजगी कोणी घेणार असशील तर नुसत्या फोटोवर आणि स्टारवर जाऊ नकोस. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर सरळ माग, खरा माणूस रागावत नाही. गोळ्या लिहून देणार तो सायकियाट्रिस्टच, म्हणजे मानसोपचाराचा डॉक्टर, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांप्रमाणे व्हिडिओवरही देता येतात पण सगळ्या नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, आई "जगून काय करू" असं काही बोलली तर कॉलची वाट बघत बसू नका, तिला एकटी सोडू नका, थेट इस्पितळात घेऊन या.

डिचोलीची_सून:
मला सगळंच पटत नाही. माझ्या सासूला आम्ही फोन हातात दिला आणि ती नुसती "हां हां" करत राहिली, समोर माणूस नसला की त्यांना ते खरं वाटत नाही. तू पहिल्या वेळी बाजूला बस, ओळख झाली की उठून जा. आणि भाषा नीट बघून घे, आमच्या त्या पहिल्या बाई सगळं "स्ट्रेस, ट्रिगर" करत होत्या, सासूला वाटलं इंजेक्शन देणार.

काउन्सेलर_तिसवाडी:
ताई बरोबर बोलल्या, बाजूला बसणं फार कामाचं. आणि मोठा डॉक्टरच हवा असं नसतं. आपल्या गोव्यातच संगत संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून तयार केलं, त्यांनी सहा-आठ बैठकांत नैराश्याच्या पेशंटना बरं वाटायला मदत केली, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय ते. पद्धत काय, तर बंद पडलेली रोजची छोटी कामं एकेक करून परत सुरू करायची. हे फोनवर व्यवस्थित जमतं.

सत्तरीची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी १४४१६ लावला. आधी मी बोलले, मग स्पीकर बंद करून फोन आईच्या कानाला दिला आणि माजघरात जाऊन बसले. वीस मिनिटं ती काहीच बोलली नाही असं मला वाटलं, मग रडण्याचा आवाज आला, मग बराच वेळ बोलण्याचा. सात महिन्यांत बाबांचं नाव पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं. हेल्पलाइनवाल्यांनी तिला सांगितलंय की सकाळी उठल्यावर काहीतरी एक काम ठरवून करायचं, तिने अबोलीला पाणी घालायचं निवडलं, बाबांनी लावलेली ती. काल फोनवर स्वतःहून म्हणाली, "गो, कळ्या आल्यात". झोप अजून नाही, त्यासाठी व्हिडिओवर डॉक्टर बघतेय, तेव्हा मी सुट्टी काढून बाजूला बसणार आहे. बांबोळीला पण येईन म्हणाली, पण फक्त माझ्याबरोबर स्कूटरवर, बसने नाही.