उडी मारणारा कोळी: फ्लॅशशिवाय डोळे स्पष्ट कसे येतील?

प्रश्न: १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स), १:१ (सेन्सरवर कोळी खऱ्या आकाराएवढा), छिद्र एफ/११, शटर १/१६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ४००. कॅमेरा हातात धरून काढतो. डोळे कायम पुसट. चूक कुठे?

उत्तर: शटर मंद आहे. १:१ ला श्वासाचा हेलकावाही दिसतो. एफ/८, १/६४०, आयएसओ ८०० करा. एक्स्पोजर तेवढंच राहतं.

उत्तर: पण १:१ वर एफ/८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा (पुढून मागे) जेमतेम १ मिमीचा. ऑटोफोकस बंद करा, फोकसची रिंग १:१ वर ठेवा, अंगच हळू पुढे झुकवा आणि समोरचे दोन मोठे डोळे स्पष्ट होताच ४-५ फोटो सलग घ्या. कोळी बसलेली डहाळी डाव्या हातात धरून लेन्स त्याच मनगटावर टेकवा, म्हणजे डहाळी आणि कॅमेरा एकत्रच हलतात. सगळ्यात कामाची युक्ती हीच!

उत्तर: भर उन्हात डोळ्यांत पांढरा ठिपका चमकतो. ढगाळ सकाळ उत्तम. उजेड परतवायला खालून पांढरा कागद धरा.