मदत हवी आहे: मूल गमावलेल्या आईबापांसाठी मराठीत शब्द कोणता?

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमच्या वाचनालयात दर महिन्याला अभिवाचन असतं. या खेपेला मी इस्रायल-पॅलेस्टाईनमधल्या 'पेरेंट्स सर्कल – फॅमिलीज फोरम' या संघटनेवर चाळीस मिनिटांचं वाचन बसवतेय. संहिता जवळजवळ झाली आहे, पण एका शब्दापाशी गाडं अडलंय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यित्झाक फ्रँकेन्थाल यांच्या मुलाला, अरिकला, १९९४ साली हमासने पळवून नेऊन मारलं. पुढच्या वर्षी त्यांनी ही संघटना उभी केली. आज दोन्हीकडची सहाशेहून जास्त कुटुंबं तिच्यात आहेत. प्रत्येक घरातलं कुणीतरी या संघर्षात मारलं गेलंय.

वाचनाचा गाभा दोन बापांचा आहे, एक इस्रायली, एक पॅलेस्टिनी. रामी एलहानान यांची मुलगी स्मादार १९९७च्या सप्टेंबरात जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावर आत्मघातकी स्फोटात गेली. वय तेरा. बस्साम अरामीन यांची दहा वर्षांची अबीर जानेवारी २००७ मध्ये अनाता गावात शाळेबाहेर इस्रायली सीमा पोलिसांच्या रबरी गोळीने गेली. रामी संघटनेच्या पहिल्या बैठकीला रागानेच गेले होते, बाजूला उभे राहून बघत होते. बसमधून माणसं उतरत होती. त्यांत पायघोळ काळ्या झग्यातली एक अरब बाई उतरली, छातीवर सहा वर्षांच्या पोराचा फोटो. रामी म्हणतात, माझं आयुष्य तिथे वळलं. पुढे अबीर इस्पितळात होती तेव्हा तेच रामी बस्सामशेजारी बसून होते.

आता अडचण. मी 'शोकाकुल पालक' असं लिहिलं होतं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे पेपरातल्या निधनवार्तेतलं वाटतं. आणि पालक म्हणजे शाळेच्या फॉर्मवर सही करणारे." तिचं ऐकावंच लागतं, कारण माझा धाकटा भाऊ २००९ मध्ये गेला. 'पुत्रशोक' घ्यावा तर या दोघांच्याही मुलीच गेल्या. 'निपुत्रिक' तर साफ चूक. हिब्रूत अशा माणसाला 'शकूल' म्हणतात, अरबीत अशा आईला 'थक्ला', आणि दोन्ही शब्द एकाच जुन्या धातूतले. एकमेकांवर बंदुका रोखलेल्या दोन भाषांमध्ये या दुःखाचं नाव एकच आहे, हे कळल्यापासून मला मराठीत वळसा घालून सांगणं नको वाटतंय. आपल्याकडे खेड्यापाड्यांत, बोलींमध्ये यासाठी काही शब्द आहे का? अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, काहीही चालेल.

दुसरी गोष्ट. याच संघटनेतल्या इस्रायली आई रॉबी डॅमेलिन यांचा मुलगा डेव्हिड २००२ साली पॅलेस्टिनी नेमबाजाच्या गोळीने गेला. बातमी घेऊन आलेल्यांना त्या पहिलंच म्हणाल्या, माझ्या मुलाच्या नावाने कुणालाही मारायचं नाही. मला लगेच भागवतातली द्रौपदी आठवली. पाचही मुलं मारणारा अश्वत्थामा बांधून समोर आणलाय, आणि ती म्हणते, याला सोडा, मी रडतेय तशी याची आई रडायला नको. हा प्रसंग वाचनात जोडावा असं फार वाटतं. पण त्यांचं दुःख आपण आपल्या ओळखीच्या चौकटीत बसवतोय असं होईल का? तुम्ही प्रेक्षकांत असतात तर तुम्हाला काय वाटलं असतं?

तिसरी जास्त अवघड. तालमीत एका मुलाने विचारलं, "दोघांचं दुःख सारखं म्हणायचं, तर ताबा कुणाचा आणि कुणावर, ते झाकलं जात नाही का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून मी संयुक्त स्मरणसभेचा भाग वाढवला. 'कॉम्बॅटंट्स फॉर पीस' ही दोन्हीकडच्या माजी लढवय्यांची संघटना २००६ पासून इस्रायलच्या स्मरणदिनाच्या (युद्धात आणि हल्ल्यांत गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस) आदल्या संध्याकाळी ही सभा घेते, पुढे पेरेंट्स सर्कलही तिच्यात आली. तिथे यायला इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी बापाला लष्कराचा परवाना लागतो. २०१८ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी परवाने नाकारले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते द्यायला लावले. रडणं सारखं आहे, पण रडायला जायची वाट सारखी नाही. माझ्या मते हे लपवलं तर बस्सामवर अन्याय होईल. पण वाचनात हे भाषण न होता कसं यावं, ते सुचत नाहीये.

आणि एक विनंती. इस्रायलमध्ये राहणारे मराठी बेने इस्रायली (महाराष्ट्रातून तिकडे गेलेले ज्यू) वाचक इथे असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा. स्मरणदिनाच्या आदल्या संध्याकाळी आठला भोंगा वाजतो तेव्हा तुमच्या घरात, रस्त्यावर नेमकं काय होतं, हे मला मराठीतूनच ऐकायचंय. नावांचे उच्चारही तपासून हवे आहेत.

आईबद्दल थोडं सांगते, म्हणजे मला कशा प्रकारचा शब्द हवाय ते कळेल. भाऊ गेल्यावर गल्लीतल्या बायका आमच्या घरी विषय टाळायच्या. वरच्या आळीतल्या एक मावशी मात्र यायच्या, त्यांची मुलगी विहिरीत पडून गेली होती. दोन घरांचं शेतीच्या बांधावरून बोलणं बंद होतं. पण त्या यायच्या, आईसमोर बसून सुपातल्या शेंगा फोडायच्या. एकदा म्हणाल्या, "माझीला शेंगा भाजलेल्याच लागतात." लागायच्या नाही, लागतात. आईने उठून चूल पेटवली आणि शेंगा भाजल्या.

वाचन २८ तारखेला आहे, संहिता २० पर्यंत पक्की करायची आहे. शब्द सुचला तर तो कुठल्या भागातला आणि कुणाच्या तोंडून ऐकलात, तेही लिहा.