इन्सुलिन माठात, कौलं अंगणात

वादळात घराचं छप्पर गेलंय, आता छप्पर आधी की बाबांचं ऑपरेशन, असं विचारलंय तुम्ही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवरून गेलं तेव्हा आमचीही तीच गत. निम्मी कौलं अंगणात, पोफळी (सुपारीची झाडं) आडव्या, त्यात आईचा मधुमेह. वीज नाही म्हणजे फ्रीज नुसतं कपाट. इन्सुलिनच्या कुप्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा माठात तरंगत ठेवला. (बर्फात नको हां, गोठलं की वाया.) पंचनाम्यासाठी फोटो काढले, ताडपत्री ओढली, बाग तशीच सोडली. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं घेते, तिला महिनाभराचं काय! तुम्हीही आधी ऑपरेशन उरकून घ्या. आणि स्वतः छपरावर चढू नका. आमचा भाऊ शेवाळलेल्या कौलावरून घसरला, प्लास्टरचा खर्च वेगळाच.