मदत हवी आहे : स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात रक्ताची गुठळीही झाली आहे आणि रक्तस्रावाची भीतीही आहे

नमस्कार. माझे थोरले बंधू, वय ४६, गेल्या ११ दिवसांपासून अतिदक्षता विभागात आहेत. पित्ताशयातला खडा पित्तनलिकेत सरकल्यामुळे स्वादुपिंडाला तीव्र सूज आली, असे निदान झाले आहे. दादा मद्यपान करत नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण आजाराचे नाव ऐकताच भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो आणि वहिनींना त्याचा फार त्रास होतो.

पहिल्या रात्री पोटातली कळ पाठीपर्यंत जात होती, उलट्या थांबत नव्हत्या आणि लायपेज (स्वादुपिंडात तयार होणारे पाचक द्रव्य) रक्तात सामान्य मर्यादेच्या तिपटीहून बरेच वर आले. तिसऱ्या दिवशी धाप लागू लागली, चौथ्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य) ४.१ झाले. २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणाप्रमाणे निकामी झालेला अवयव ४८ तासांत सावरला नाही तर आजार गंभीर मानतात, असे डॉक्टरांनी सांगितले. दादांची फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे, दोन्ही त्या मुदतीत सावरली नाहीत. आतापर्यंत ३ वेळा डायलिसिस झाले आहे. कालपासून ऑक्सिजन मात्र थोडा कमी लागतो आहे.

माझा प्रश्न रक्ताविषयी आहे. दाखल करताना प्लेटलेट २ लाख ६० हजार होत्या, त्या आता ६२ हजारांवर आल्या आहेत. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) १.९ आहे आणि डी-डायमर (गुठळ्या विरघळताना रक्तात येणारे अंश) अनेक पटींनी वाढले आहे. फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे एक प्रथिन) १४० आहे. एरवी अशा दाहात ते वाढलेले असते, म्हणून हा उतरलेला आकडा डॉक्टरांना अधिक काळजीचा वाटतो. कावीळ असताना ‘के’ जीवनसत्त्व कमी पडूनही आयएनआर वाढतो, म्हणून त्याची इंजेक्शने ३ दिवस दिली, पण फरक पडला नाही. अशातच परवाच्या सीटी स्कॅनमध्ये प्लीहेच्या शिरेत गुठळी दिसली. ही शीर स्वादुपिंडाच्या अगदी मागून जाते, त्यामुळे तिथली सूज तिला सहज बाधते.

गुठळी आणि रक्तस्रावाची भीती, हे दोन्ही एकाच वेळी कसे होते, हे मला आधी कळतच नव्हते. डॉक्टरांनी वेळ काढून समजावल्यावर जे उमगले ते असे : दाहामुळे पांढऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर चेतवले जाते, ‘टिश्यू फॅक्टर’ (रक्त गोठण्याची सुरुवात करणारे प्रथिन) बाहेर येतो आणि जिथे गरज नाही अशा बारीक वाहिन्यांतही रक्त गोठू लागते. गुठळ्या विरघळवणारी शरीराची यंत्रणा त्याच वेळी मंदावते, त्यामुळे फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे यांसारख्या अवयवांचा रक्तपुरवठा आणखी तुटतो. या साऱ्यात प्लेटलेट आणि रक्त गोठवणारी प्रथिने खर्च होऊन जातात, आणि मग खरोखर जिथे रक्त थांबायला हवे तिथे ते थांबत नाही.

आता एका डॉक्टरांच्या मते हेपॅरिन हे रक्त पातळ करण्याचे औषध कमी मात्रेत सुरू करावे, कारण गुठळी यकृताकडे जाणाऱ्या मुख्य शिरेपर्यंत वाढू शकते. दुसऱ्यांच्या मते स्वादुपिंडाचा काही भाग मृत झालेला असताना आणि प्लेटलेट इतक्या कमी असताना त्या भागात रक्तस्राव झाला, तर तो आवरणे फार कठीण जाईल. दोघेही काळजीपूर्वक बोलतात आणि दोघांचेही म्हणणे मला पटते, म्हणूनच मी अधिक गोंधळले आहे.

ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल, त्यांनी कृपया सांगावे की रक्त पातळ करण्याचे औषध केव्हा सुरू झाले, की गुठळीवर केवळ स्कॅन करून लक्ष ठेवले गेले? शीर बंद राहिल्यामुळे पुढे जठरातल्या शिरा फुगून रक्ताची उलटी होऊ शकते, असे ऐकले आहे. त्यासाठी घरी गेल्यावर कोणत्या तपासण्या करायला सांगितल्या होत्या? येथे कोणी रक्तविकारतज्ज्ञ किंवा अतिदक्षता विभागात काम करणारे असतील, तर आकड्यांचा उतार किती वेळाने पुन्हा तपासतात आणि प्लाझ्मा किंवा प्लेटलेट केवळ आकडा पाहून देतात की रक्तस्राव दिसल्यावर, हेही समजून घ्यायचे आहे. औषधाची मात्रा मी विचारत नाही. ते उपचार करणारेच ठरवतील.

आज संध्याकाळी ६ वाजता दोन्ही डॉक्टर आम्हाला एकत्र भेटणार आहेत. त्याआधी त्यांना नेमके काय विचारावे, एवढे जरी कोणी सुचवले, तरी वहिनींना आणि मला मोठा आधार होईल.