एलियास हवेत, पण स्क्रिप्टची पहिली ओळ 'रिलोड इन १०'

सिस्कोच्या नेटवर्क स्विचवर त्याच त्याच कमांड टाइप करण्यापेक्षा एलियास (लांब कमांडचं छोटं टोपणनाव) करावेत की पायथन स्क्रिप्ट (कमांड आपोआप पाठवणारा छोटा प्रोग्राम), असं एकाने विचारलंय. माझ्या मते बघायला एलियास, बदलायला स्क्रिप्ट. 'एलियास एक्झेक एसआयबी शो आयपी इंटरफेस ब्रीफ' एकदा टाकलं की पुढे 'एसआयबी' या तीन अक्षरांत काम. मात्र तो त्याच स्विचपुरता असतो.

स्क्रिप्टबाबत कळकळीने सांगतो. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क, आणि ट्रंक म्हणजे ती अनेक नेणारा पोर्ट. त्यावर कोणते व्हीलॅन चालतील ते ठरवणाऱ्या 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' या कमांडमध्ये 'ॲड' राहिला तर ३० जोडला जात नाही, आधीची अख्खी यादी जाऊन एकटा ३० उरतो. चाकणच्या एका कारखान्यात माझ्या हातून हेच झालं. ज्यावरून स्विचला दुरून जोडतो तो मॅनेजमेंट व्हीलॅनही गेला, आणि मध्यरात्री कोथरूडहून गाडी काढून स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल लावावी लागली.

तेव्हापासून आधी चालू कॉन्फिग (स्विचच्या सेटिंग्ज) सेव्ह, मग 'रिलोड इन १०', मग बदल. संपर्क तुटलाच तर १० मिनिटांनी स्विच रीबूट होऊन सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं ठीक असेल तर 'रिलोड कॅन्सल', आणि त्यानंतरच 'राइट मेमरी', म्हणजे नवा कॉन्फिग सेव्ह. रिलोड कमांड कन्फर्म विचारते, त्याचं उत्तर नेटमिकोच्या (स्विचला जोडून कमांड पाठवणारी पायथन लायब्ररी) स्क्रिप्टमध्ये द्यायला विसरू नका. रीबूटमध्ये सगळे पोर्ट बंद पडतात, म्हणून शिफ्ट चालू असताना हे नको.