सिंगापूर: हॉटेल सकाळी ११ ला सोडायचं, विमान रात्री ८:३० ला. मधला दिवस कसा काढावा?

चार_बॅगा
मुंबईचं परतीचं विमान शुक्रवारी रात्री ८:३० ला, चांगी टर्मिनल ३ वरून. हॉटेल लिटल इंडियात, फेरर पार्क स्टेशनजवळ. आम्ही दोघं आणि सासू-सासरे, दोघंही सत्तरीच्या पुढचे. मोठ्या बॅगा चार. मुस्तफा या मोठ्या दुकानातल्या खरेदीचा जीएसटी परत घ्यायचाय. बॅगा कुठे ठेवाव्या, विमानतळावर किती वाजता पोचावं आणि चांगीवरून फुकट शहर दाखवणारी बस असते म्हणतात ती आपल्याला मिळते का? सासऱ्यांना उन्हात चालवत नाही.

उंबरठा
बसचं आधी सांगतो. ती मिळणार नाही. ती फक्त सिंगापूरमार्गे पुढे जाणाऱ्यांसाठी असते, म्हणजे दोन विमानांच्या मधे किमान साडेपाच तास असणाऱ्यांसाठी. इथे सुट्टी संपवून निघणारे त्यात धरत नाहीत.

बॅगा हॉटेलातच ठेवा. चेकआउटनंतर संध्याकाळपर्यंत सांभाळायला बहुतेक हॉटेलं पैसे घेत नाहीत, तरी आदल्या रात्री रिसेप्शनवर विचारून घ्या. मात्र चौघांचे बदलायचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट हातातल्या बॅगेत हवेत. सिंगापूरच्या दमटपणात दुपारी दोनला कपडे अंगाला चिकटलेले असतात आणि बदली सदरा नेमका तळाच्या बॅगेत असतो.

११ नंतर गार्डन्स बाय द बे मधले दोन काचेचे घुमट बघा, फ्लॉवर डोम आणि क्लाउड फॉरेस्ट. दोन्ही वातानुकूलित. फेरर पार्कहून एक स्टेशन लिटल इंडिया, तिथे डाउनटाउन लाइन पकडली की रोचोर, बुगिस, प्रोमेनाड आणि चौथं बेफ्रंट. लिफ्ट सगळीकडे आहेत. दोन्ही घुमट महिन्यातून एखादा दिवस देखभालीसाठी बंद असतात, तुमचा शुक्रवार त्यात येतो का ते तिकीट काढण्याआधी बघा. बाहेरच्या सुपरट्रींचा (झाडांसारखे उंच मनोरे) दिव्यांचा खेळ ७:४५ चा, तो तुमच्या वेळेत बसत नाही. अडीचला परत, बॅगा उचला, तीनला निघा.

चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा साध्या टॅक्सीत मावत नाहीत. ग्रॅबवर (ओला-उबरसारखं अ‍ॅप) सहा आसनी गाडी मागवा. तीनला निघण्याचं आणखी एक कारण म्हणजे संध्याकाळी टॅक्सीच्या मीटरवर गर्दीच्या वेळेचे २५ टक्के चढतात. आणि शुक्रवार आहे.

परतावा_पावती
वरचा बेत तरण्यांसाठी उत्तम. सत्तरीच्या माणसांना बेफ्रंटला नेऊन परत लिटल इंडियात आणायचं, तिथून पुन्हा विमानतळावर, ही उलटसुलट फेरी मला पटत नाही. मी म्हणेन, बारालाच बॅगांसकट चांगीला जा. एअरलाइन लवकर बॅगा घेते का ते आधी विचारा. काही एअरलाइन्स नेहमीच्या तीन तासांच्या बऱ्याच आधी घेतात. नाहीच घेतल्या तर टर्मिनलमध्ये सामान ठेवायची जागा आहे, पैसे लागतात. मग विमानतळाला लागून असलेल्या जुअलमध्ये जेवण आणि तिथला ४० मीटरचा धबधबा. टर्मिनल ३ ला ते पुलाने जोडलेलं आहे, उन्हात पाऊलही टाकावं लागत नाही. (शेवटी तो मॉलच आहे, हे मान्य.)

आता जीएसटी, कारण पैसे जातात ते इथे. कर ९ टक्के, पण तो किमतीतच धरलेला असतो, म्हणून ५०० डॉलरच्या बिलात ४५ नाही, ४१ डॉलर २८ सेंट. त्यातूनही परताव्याचं शुल्क कापतात. किमान खरेदी १०० डॉलरची, एकाच दुकानातून एकाच दिवशी. त्या दिवसाच्या तीन पावत्यांपर्यंत एकत्र चालतात. सोमवारचे ६० आणि बुधवारचे ५० मिळून ११० होत नाहीत. बिल पासपोर्टशी जोडलेलं हवं. मुस्तफात पैसे देताना पासपोर्ट दाखवला नसेल, तर पावत्या आणि मूळ पासपोर्ट घेऊन त्याच दिवशी तिथल्या परताव्याच्या काउंटरवर जा. विमानतळावर नुसती पावती दाखवून काही होत नाही.

चांगीवर क्रम असा: ज्या वस्तू मोठ्या बॅगेत जाणार, त्यांचा अर्ज बॅगा देण्याच्या आधी, चेक-इन हॉलमधल्या ईटीआरएस (पर्यटकांच्या कर परताव्याच्या) यंत्रावर. पासपोर्ट स्कॅन केला की खरेदी पडद्यावर येते. कधी लगेच मंजूर होते, कधी कस्टम्सला वस्तू दाखवायला सांगते. बॅग पट्ट्यावरून गेलेली असेल तर दाखवणार काय? म्हणून हा सगळा माल एकाच बॅगेत, सगळ्यात वर भरा. इमिग्रेशननंतरच्या आतल्या यंत्रावर फक्त हातातल्या सामानाचा अर्ज. जुअलमध्येच लवकर चेक-इन करणार असाल, तर त्याआधी टर्मिनलमध्ये जाऊन हे काम उरका. रोख रक्कम इमिग्रेशननंतर आतल्या काउंटरवर मिळते, कार्डावर यायला काही दिवस लागतात.

चार_बॅगा
मुस्तफाच्या पिशव्यांना प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्यात, त्या तशाच ठेवायच्या का? आणि काया जॅमच्या चार बाटल्या हातात चालतील?

परतावा_पावती
पट्ट्या कापा. दुकानात चोरी होऊ नये म्हणून त्या लावतात, कस्टम्सचं सील नाही ते.

गेट_पर्यंत
काया जॅम मोठ्या बॅगेत. नारळ, अंडी आणि साखरेचं ते मिश्रण द्रवातच मोजतात आणि १०० मिलीच्या वरची बाटली हातात चालत नाही. टायगर बामच्या छोट्या डब्या, तेलाच्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत.

चांगीची एक गंमत बऱ्याच जणांना गेटवर कळते. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सामानाची तपासणी इमिग्रेशनपाशी नसते, थेट गेटवर असते. म्हणजे आतल्या दुकानातून घेतलेली पाण्याची बाटलीही गेटवर टाकून द्यावी लागते. रिकामी बाटली न्या. ड्युटी-फ्रीची दारू सीलबंद पिशवीत असते, ती चालते. सील घरी पोचेपर्यंत फोडू नका.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. क्षमता अशी काढा: मिलीअँपिअर-तास गुणिले ३.७ भागिले १०००. २०,००० ची ७४ वॉट-तास होते, मर्यादा १०० ची, म्हणून चालते. छापलेले आकडे पुसले असतील तर अडवू शकतात. वजनाचं म्हणाल तर एका बॅगेत ३२ किलोच्या वर सहसा घेतच नाहीत, तुमच्या तिकिटावर एकूण ३० असोत की ४०.

सासऱ्यांसाठी चाकाची खुर्ची एअरलाइनकडे ४८ तास आधी नोंदवा. मुंबईत जास्त उपयोगी पडते, तिथे उतरून बाहेर येईपर्यंत चालणं बरंच आहे. आणि आत लवकर गेलात तर टर्मिनल ३ चं फुलपाखरांचं उद्यान दिवसाउजेडी बघा, सातच्या सुमारास अंधार होतो आणि फुलपाखरं पानाखाली गपगार.

उंबरठा
बारालाच निघण्याचा मुद्दा पटला. मुंबईच्या बाजूचं एवढं: सिंगापूर अडीच तास पुढे, प्रवास साडेपाच तासांच्या आसपास, म्हणजे साडेअकराच्या सुमारास उतराल. दारू माणशी दोन लिटर, त्यात मुंबईच्या ड्युटी-फ्रीतली धरून. सामानाच्या किमतीवरची कस्टम्सची सवलत चौघांची एकत्र करून एका महागड्या वस्तूवर लावता येत नाही. सोन्याच्या दागिन्यांची वेगळी सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना, आठवड्याच्या सहलीला नाही. टीव्ही घेतला असेल तर सरळ कस्टम्सच्या लाल मार्गाने (कर लागणारं सामान जाहीर करायचा) जा.

सुटी नाणी तिथेच संपवा, भारतात कोणी बदलून देत नाही. फूड कोर्टात आधी मूठभर नाणी द्या, उरलेलं कार्डाने. नोटा ठेवल्यात तरी चालतं, २,००० अमेरिकी डॉलरच्या किमतीपर्यंतचं परकीय चलन घरी ठेवायला परवानगी आहे. हातात चुकून ब्रुनेईची नोट आली असेल तर घाबरू नका, सिंगापुरात ती त्याच किमतीला चालते. मात्र ती इथेच खर्च करा, आपल्याकडच्या मनी चेंजरला ती पटवणं कठीण.