फेरीबोट घेताना ओहोटी पाहावी
खाड्यांच्या वळशांमुळे दिवेआगर ते दापोली हा किनारा कॅम्परव्हॅनने (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीने) एका दिवसात होणार नाही, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. बागमांडला-वेश्वी फेरीबोट सावित्रीची खाडी वाहनासह पार करून देते, त्यामुळे वळसा वाचतो आणि वाटेतला शेखाडीचा समुद्राला बिलगून जाणारा रस्ता निवांत पाहता येतो. भरती-ओहोटीचा मुद्दा मात्र त्या मतात राहून गेला आहे. पुण्याहून ताम्हिणीमार्गे उतरून आम्ही कोकणातल्याच दुसऱ्या एका धक्क्यावर पूर्ण ओहोटीला पोहोचलो, तेव्हा धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात असा कोन झाला होता, की व्हॅनची लांब मागची बाजू काँक्रीटला घासून सांडपाण्याच्या टाकीचा नळच तुटला. भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते. कालची वेळ गृहीत धरू नये.